तट गेला, मैदानं उरली

दक्षिण मुंबईचा नकाशा समोर ठेवा. सीएसएमटीजवळ आझाद मैदान, त्याच्या खाली क्रॉस मैदान, मग ओव्हल, मग कूपरेज. एका किंचित वाकलेल्या ओळीत चार मैदानं. ज्या शहरात पार्किंगच्या एका चौकोनावरून सोसायट्या कोर्टात जातात, जिथे जमीन हवी म्हणून समुद्र मागे ढकलावा लागला, त्या शहराने आपल्या सगळ्यात महाग भागात एवढी जागा मोकळी सोडली कशी? कुणाला वाटेल, इंग्रजांची दूरदृष्टी. कुणी म्हणेल, क्रिकेट. दोन्ही नाही. ही जागा तोफांसाठी मोकळी ठेवलेली होती.

दुसरं कोडं ओव्हलपासून चालत दहा मिनिटांवर आहे. दादाभाई नौरोजी रस्त्यावर, म्हणजे डी. एन. रोडवर, पदपथ रस्त्याच्या कडेने जात नाही, तो इमारतींच्या पोटातून जातो. वर ऑफिसं, खाली कमानी, आणि कमानींच्या आतून आपण. कांदिवलीत किंवा मुलुंडमध्ये असं दिसत नाही.

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच भिंतीशी जाऊन पोचतं, आणि ती भिंत आज तिथे नाही.

आधी कोट होता

१६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. राजाला ती सांभाळणं परवडेना. १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. कंपनीला सगळ्यात आधी हवं होतं ते बंदर. बेटाच्या पूर्व बाजूला पाणी खोल आणि शांत, शिवाय पश्चिमेच्या पावसाळी वाऱ्यापासून आडोसा. त्यामुळे वस्ती पूर्वेला वसली. तिथे पोर्तुगीज काळातला एक वाडा होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची ती जागा. त्याच्याभोवती तटबंदी करून कंपनीने ‘बॉम्बे कॅसल’ उभा केला. ती जागा आज नौदलाच्या ताब्यात आहे, आयएनएस आंग्रे या तळात. ज्या आंग्र्यांच्या आरमाराने कंपनीची झोप उडवली होती, त्यांचं नाव कंपनीच्या किल्ल्याच्या जागेला मिळालं आहे.

कॅसल लहान होता. गाव त्याच्या बाहेर वाढत गेलं. १७१५ च्या सुमाराला गव्हर्नर चार्ल्स बून याने संपूर्ण गावाभोवती तट घालायला घेतला. लांबीला साधारण मैलभर, रुंदीला बराच कमी, पूर्वेला समुद्र आणि बाकी तीन बाजूंनी दगडी भिंत. भिंतीच्या आतलं हे गाव म्हणजे कोट, आजचा फोर्ट. भिंतीला तीन दरवाजे. दक्षिणेला अपोलो गेट. उत्तरेला, आजच्या जीपीओच्या आसपास, बाजार गेट. पश्चिमेला, जिथून बाहेर मोकळी जमीन आणि पलीकडे बॅक बे दिसायचा, तिथे चर्च गेट.

चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस. त्याचं काम आधीच्या शतकात सुरू होऊन अर्धवट पडलं होतं, ते १७१८ च्या नाताळात पूजेला खुलं झालं. या चर्चला पुढे एक मान मिळाला: शहराची अंतरं तिथून मोजायला लागले. परळ, दादर भागात पदपथाच्या कडेला अजूनही काही काळे मैलाचे दगड आहेत. बरेचसे सिमेंटमध्ये मानेपर्यंत गाडले गेले होते. वर रोमन आकडा आणि खाली इंग्रजीत ‘सेंट थॉमस चर्चपासून’ असा मजकूर. त्यावर पाय देऊन बुटाची नाडी बांधणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती, तिथे पाटी कुठे होती?

चर्च गेट होतं ते आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी किंवा अगदी लगत. त्या नावाचं स्टेशन मात्र तिथून बरंच पश्चिमेला आहे. ते सुरू झालं १८७० मध्ये, म्हणजे गेट पाडल्यानंतर काही वर्षांनी.

मोकळ्या जागेचं गणित

आता तोफांकडे येऊ. किल्ला नुसत्या भिंतीवर लढत नाही, तो भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेवर लढतो. तोफखाना आल्यापासून तर हे फारच खरं झालं. शत्रू भिंतीपर्यंत यायला निघाला की त्याला आडोसा हवा असतो: एखादं घर, बांध, माडांची राई, उतारावरची खाच. आडोसा मिळाला की त्यामागे तो स्वतःची तोफ आणून उभी करतो, आणि मग भिंत कितीही जाड असली तरी दिवस मोजायचे. म्हणून तटावरच्या तोफेचा गोळा जिथपर्यंत पोचतो, तिथपर्यंत काही उभं राहू द्यायचं नाही, हा किल्लेदारांचा साधा नियम. तोफेचा टप्पा वाढला की रिकाम्या पट्ट्याची रुंदीही वाढवायची.

मुंबईत या नियमाची अंमलबजावणी कडक झाली ती मराठ्यांमुळे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसई म्हणजे पोर्तुगीजांचा भक्कम, दगडी, समुद्रालगतचा किल्ला. तो पडतो तर मुंबईच्या तटाचं काय, या धास्तीने कंपनीने तटाभोवती खंदक खणायचं ठरवलं, आणि त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. कंपनीचा खजिना वाचवायला नव्हे. स्वतःच्या वखारी वाचवायला. तटासमोरचे माड तोडले गेले, घरं हटवली गेली. सुरुवातीला हा पट्टा काहीशे यार्डांचा होता, वाढत वाढत तो एक हजार यार्डांपर्यंत गेला. त्याचं नाव एस्प्लनेड.

पट्टा रुंद व्हायला आणखी एक निमित्त झालं. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटाच्या उत्तर भागात मोठी आग लागली आणि दाट वस्तीचा बराच भाग जळून गेला. आत पुन्हा तशीच दाटी होऊ द्यायची नाही असं सरकारने ठरवलं, एस्प्लनेड वाढवला आणि लोकांना त्याच्या पलीकडे जागा दिल्या. काळबादेवी, पायधुनी, भुलेश्वरकडची वस्ती फुगली त्याचं हे एक मोठं कारण. आझाद मैदान ओलांडलं की एकदम धोबी तलाव सुरू होतो, मधे काहीच नाही, याचं कारणही हाच पट्टा. पारशी मंडळी त्या भागाला ‘बाहेरकोट’ म्हणत.

रिकाम्या पट्ट्यावर कुणी काहीच करत नसे असं नाही. उन्हाळ्यात साहेब लोक तिथे तंबू आणि हलक्या छपरांचे बंगले थाटत, कारण कोटाच्या आत वारा यायचा नाही. अट एकच: पावसाळ्याआधी सगळं उचलायचं. कायमचं बांधकाम म्हणजे शत्रूला आडोसा.

आतली दाटी

भिंतीच्या आत काय झालं ते बघायला बोरा बाजारात शिरावं. कोटाचे सरळ दोन भाग होते. चर्च गेटपासून आत जाणारा रस्ता, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, ही त्यांची सीमा. दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला पारशी, बनिया, बोहरी व्यापारी. भिंत सरकवता येत नाही आणि माणसं तर येतच राहतात. मग दर्शनी बाजू अरुंद, खोली लांबच लांब आणि मजल्यावर मजला अशी घरं उभी राहिली. रस्त्यावर दुकानाला तोंड मिळणं हेच मोलाचं, म्हणून प्रत्येकाला थोडंथोडं तोंड. सागाचे खांब आणि तुळया, मधे विटा, वर लाकडी सज्जे आणि त्यांना आधार द्यायला कोरीव घोडे. सुरत-खंभातकडून आलेल्या कारागिरांची ही रीत.

साग येत होता जहाजांसाठी. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले आणि इथल्या गोदीत त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. त्यांच्या कारखान्यातलं १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. दोनशे वर्षं झाली. त्याच सुमाराच्या बोरा बाजारातल्या एखाद्या तुळईखाली आता लोखंडी टेकू लावलेला दिसतो, कारण जहाजाला डांबर लावणारं कुणीतरी असतं.

या भागातली बनाजी लिमजी अग्यारी १७०९ ची, म्हणजे तटाच्याही आधीची. बाहेरून तिच्याकडे बघून हे कळायला मार्ग नाही.

कापसाने पाडलेली भिंत

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि ज्यांच्या भीतीने खंदक खणला होता तेच उरले नाहीत. तरी भिंत पुढे चाळीसेक वर्षं उभी राहिली. सरकारी कामांची ही गती नवी नाही. या काळात तट शहराच्या अंगावर येत गेला. खंदकात पाणी साचून कुजायचं. सगळी वाहतूक तीन अरुंद दरवाज्यांतून. बैलगाड्या, पालख्या, बग्ग्या, पखाली आणि कापसाच्या गासड्या एकाच कमानीखाली.

तो पाडला १८६२ मध्ये आलेल्या गव्हर्नर बार्टल फ्रिअरने, आणि त्यासाठी पैसा आला अमेरिकेतून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना. मग विदर्भ-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो सगळा मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला. शहरात पैशाचा पूर आला. फ्रिअरने त्याच वेळी तट उतरवायला काढला. तटाच्या आणि खंदकाच्या जागेचे प्लॉट पाडले, ते विकले, आणि त्या पैशातून सरकारी इमारती उभ्या करायच्या असा बेत. जमिनीवरून जमिनीचा खर्च काढायचा ही मुंबईची युक्ती तेव्हापासूनची.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, बॅक बेत भर घालण्यासाठी काढलेल्या कंपनीचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले. या सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद पार बुडाला. पण त्याआधी त्याने विद्यापीठाला चार लाख रुपये देऊन ठेवले होते: दोन लाख ग्रंथालयाला, दोन लाख मनोऱ्याला. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं ठरलं. तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. ज्या दिवाळखोरीत घरंच्या घरं गेली, तिच्यातून शहराच्या हाती राहिलेली वस्तू म्हणून मला हा मनोरा फार लक्षणीय वाटतो.

भिंत गेली, पण तिची रेघ गेली नाही. पश्चिमेच्या तटाच्या ओळीने डी. एन. रोड आणि महात्मा गांधी रोड आखले गेले. या रस्त्यांच्या पूर्वेला अजून कोटातल्या गल्ल्या आहेत, आखूड आणि वाकड्या. पश्चिमेला एकदम मोठे भूखंड, मोठ्या इमारती आणि मैदानं. फाउंटनजवळ, आजच्या हुतात्मा चौकात, रस्ता ओलांडून पंचवीस पावलं टाकली की हा फरक पायांना कळतो. खऱ्या तटाचा एक तुकडा मात्र पी. डिमेलो रोडवर सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला अजून उभा आहे. १७६९ मध्ये कोटाच्या उत्तरेला जो फोर्ट जॉर्ज जोडला, त्याचा तो अवशेष.

पदपथ इमारतीच्या पोटात

आता दुसरं कोडं. तट गेल्यावर जे नवे रस्ते झाले त्यांवर इमारती बांधताना सरकारने मालकांना अट घातली: तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने कमानींची ओळ सोडायची, आणि तिच्या आतून लोकांना चालू द्यायचं. वरचे मजले मात्र या वाटेच्या डोक्यावर रस्त्यापर्यंत आणायला मोकळीक. मालकाला वर जागा मिळाली, सरकारला फुकट पदपथ मिळाला. आधी हे हॉर्निमन सर्कलला झालं. टाउन हॉलसमोर जिथे कापसाच्या राशी पडायच्या, तिथे १८६० च्या दशकात गोल बाग आखली गेली आणि तिच्याभोवती एकाच उंचीच्या, एकाच धाटणीच्या इमारतींची कोर. तिथल्या कमानींच्या मधल्या दगडांवर कोरलेली तोंडं आहेत. मान वर केली तरच दिसतात. पुढे डी. एन. रोडला तीच अट लागू झाली. शैली मालकाच्या मर्जीची, पण तळाची कमान सक्तीची. म्हणून तिथे गॉथिक, ग्रीक, सारासेनिक सगळं शेजारीशेजारी असूनही रस्ता एकसंध दिसतो.

ही व्यवस्था कशी काम करते ते कोकणातल्या घराच्या पडवीवरून लगेच कळेल. पडवी पाऊस आणि ऊन स्वतःवर घेते, म्हणून आतली भिंत कोरडी आणि गार राहते. फोर्टातल्या कमानींची वाट ही पडवीच आहे, फक्त ती घरमालकाच्या पाहुण्यांऐवजी रस्त्यावरच्या सगळ्यांना दिलेली. दुपारचं ऊन बाहेरच्या कमानींवर पडतं, आत दुकानाची काच तापत नाही. आडवा पाऊस पाच-सात फूट आत येऊन थकतो. सरकारी इमारतींत हीच युक्ती वरच्या मजल्यांवरही आहे. हायकोर्टाच्या किंवा जुन्या सचिवालयाच्या दर्शनी बाजूला मजल्यामजल्याला कमानींचे व्हरांडे आहेत. ती शोभा नव्हे. पंखा नव्हता तेव्हा पश्चिमेच्या उन्हापासून खोली वाचवायची तर उन्हाला पहिल्या भिंतीवरच अडवायचं आणि वाऱ्याला मधून वाट द्यायची.

आणि कमानच का? तुळई टाकली असती तरी चाललं असतं ना? दगडाची तुळई फार लांब टाकता येत नाही. तुळईवर भार पडला की ती मधे किंचित वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही, त्यामुळे तो खालून तडकतो. कमानीत ताणच येऊ देत नाहीत. पाचरीसारखे तासलेले दगड एकमेकांना रेटत राहतात आणि भार दोन्ही बाजूंनी खाली उतरतो.

पण तो सरळ खाली उतरत नाही, थोडा बाहेरच्या बाजूलाही रेटतो. एकटी कमान म्हणूनच स्वतःचे खांब फाकवू बघते. ओळीने कमानी असल्या की शेजारची कमान उलट बाजूने रेटते आणि दोन्ही रेटे एकमेकांना खाऊन टाकतात. मधले खांब त्यामुळे सडपातळ चालतात. प्रश्न येतो ओळीच्या टोकाला, जिथे पलीकडून रेटायला कुणी नाही. आता डी. एन. रोडवरच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या कोपऱ्याकडे बघा. कोपऱ्याचा खांब शेजाऱ्यांपेक्षा दुप्पट जाड असतो, किंवा तिथे जिना आणि वर मनोरा असतो. मनोऱ्याचं वजन त्या रेट्याला खाली दाबून ठेवतं. दिसायला तो डौल, आत तो हिशेब.

गॉथिक कमानीला वर टोक असतं त्याचाही फायदा आहे. अर्धगोल कमानीची उंची ठरलेली, रुंदीच्या निम्मी. दोन खांबांत अंतर वाढलं की कमान उंच होणारच, आणि मग शेजारच्या लहान कमानीशी तिची पातळी जुळत नाही. टोकदार कमान रुंदी तीच ठेवून उंच किंवा बुटकी करता येते, शिवाय तिचा बाहेरचा रेटा कमी. मोठ्या दाराशेजारी लहान खिडकी आणि दोन्हींची माथी एका रेषेत, हे त्यामुळे जमतं.

> दगड ओळखा
>
> काळा, निळसर झाक असलेला: बेसॉल्ट. सह्याद्री ज्या लाव्ह्यातून झाला तोच. कठीण, पाणी न पिणारा, कोरायला त्रासदायक. पाया आणि भिंतींना. हायकोर्ट बघा.
>
> पिवळट, मातकट: मालाड आणि कुर्ल्याचा. खाणी जवळ, त्यामुळे स्वस्त. राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, कुर्ला आणि मालाड दोन्ही.
>
> साईच्या रंगाचा, मऊ: पोरबंदरचा चुनखडीचा दगड. जहाजाने यायचा. खाणीतून काढल्यावर सहज कोरता येतो, म्हणून पानं, फुलं, माकडं, घुबडं सगळी याच्यात. पावसाने झिजतोही हाच आधी.

समुद्राकडे तोंड

ओव्हलच्या पूर्व कडेला जुनं सचिवालय, विद्यापीठाचं सभागृह, ग्रंथालय आणि मनोरा, हायकोर्ट अशी ओळ आहे. सगळ्या १८७० च्या दशकातल्या आणि सगळ्यांचं तोंड पश्चिमेला. विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे. तो मुंबईत एकदाही आला नाही. आराखडे आले टपालाने, इथल्या इंजिनीअरांनी ते उभे केले आणि दगड कोरले इथल्या हातांनी. सीएसएमटीच्या, म्हणजे १८८८ मध्ये पुऱ्या झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीव कामात जे. जे. स्कूलचे विद्यार्थी होते. त्यामुळे युरोपातल्या कॅथीड्रलची पानं इथे आपल्या झाडांची झाली आणि कोपऱ्यांतून मोर, मुंगूस डोकावायला लागले.

पश्चिमेला तोंड का, तर समोर समुद्र होता. आज ओव्हलच्या पलीकडे इमारती, मग आणखी इमारती, मग मरीन ड्राइव्ह. तेव्हा मैदान, त्यापलीकडे रस्ता, रेल्वेचे रूळ आणि लगेच बॅक बे. जहाजातून येणाऱ्याला आणि कुलाब्याहून लोकलने जाणाऱ्याला ही दगडी ओळ एका नजरेत दिसायची. हो, कुलाब्याला स्टेशन होतं. १९३० च्या अखेरीस ते बंद झालं, कारण पुढच्या समुद्रात भर पडत होती.

त्या भरावावर १९३० च्या दशकात जे उभं राहिलं ते आर्ट डेको. दगड जाऊन सिमेंट काँक्रीट आणि त्यात लोखंडी सळया. मघाशी पाहिलं की दगडाला ताण सोसत नाही, सळईला सोसतो. त्यामुळे कमान लागेना. खिडकी इमारतीच्या कोपऱ्यालाच काढता आली, सज्जा खांबाशिवाय बाहेर तरंगता ठेवता आला, त्याला वळण देता आलं. ऊन-पावसाला अडवायचं काम मात्र राहिलंच. ते खिडक्यांवरून गेलेल्या लांब, बारीक, आडव्या छज्ज्यांनी घेतलं. १९३८ चं इरॉस सिनेमागृह या पिढीतलं.

ओव्हलच्या मधोमध उभं राहिलं तर पूर्वेला १८७०, पश्चिमेला १९३०. एक रांग भार दाबून पेलणारी, एक ताणून. मधलं मैदान नसतं तर हे असं समोरासमोर दिसलंच नसतं. युनेस्कोने २०१८ मध्ये या दोन्ही रांगांना मिळूनच जागतिक वारशात घेतलं.

पूर्वेच्या बाजूबद्दल थोडक्यात. तिथे बॅलार्ड इस्टेट आहे, साधारण बावीस एकर, आणि ती सगळी समुद्रात. १९१४ मध्ये सुरू झालेल्या अलेक्झांड्रा गोदीसाठी जी माती आणि दगड उपसला, तोच शेजारी टाकून ही जमीन केली. गेटवे ऑफ इंडिया करणाऱ्या जॉर्ज विटेटने तिथल्या इमारतींना एकसारखी उंची आणि एकसारखा चेहरा लावून दिला. शिस्तशीर, सुंदर आणि, माझं मत विचाराल तर, जरा कंटाळवाणी. डी. एन. रोडची मारामारी तिथे नाही.

काय कुरतडतंय

दगडाची जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना आणि दगड दोन्ही थोडं पाणी पितात आणि थोडं सोडतात. पावसाळ्यात आत गेलेली ओल हिवाळ्यात सांध्यांमधल्या चुन्यातून बाहेर पडते. मग कुणीतरी दुरुस्ती काढतं आणि सांध्यांत सिमेंट भरतं. सिमेंट ओल सोडत नाही. पाणी दगडातूनच बाहेर पडायला बघतं, बरोबर समुद्राच्या हवेतलं मीठ आणतं, मीठ पृष्ठभागाखाली साकळतं, फुगतं आणि दगडाचा पापुद्रा निघतो. पोरबंदरी दगडाची कोरीव पानं अशी गळतात. सांध्यातला चुना गेला तर पुन्हा भरता येतो, पान गेलं ते गेलं.

काँक्रीटचा आजार वेगळा. खारी हवा बारीक तड्यांतून सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतं आणि आतून काँक्रीट फोडतं. छज्ज्याच्या खालून तांबूस ओघळ दिसला की समजायचं. काळ्या घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनची, पूर्वीच्या वॉटसन हॉटेलची, गोष्ट तर पूर्ण लोखंडाची. त्याचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून १८६० च्या दशकात इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला सिनेमा इथे दाखवला गेला. २००५ च्या पावसाळ्यात त्याच्या गॅलरीचा भाग रस्त्यावर कोसळला.

पण मीठ आणि पाऊस यांच्यापेक्षा जास्त नुकसान कागदाने केलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. तेव्हाच्या टंचाईत भाडेकरूला आधार म्हणून ते योग्यच होतं. पुढे रुपयाची किंमत उतरत गेली आणि भाडं तिथेच राहिलं. महिन्याचं भाडं एका दुपारच्या जेवणाइतकंही नाही म्हटल्यावर मालक छप्पर कशाला शाकारेल? भाडेकरू म्हणतो इमारत मालकाची, मालक म्हणतो राहतो कोण. बोरा बाजारातले टेकू या वादात उभे आहेत. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा इमारतींचे नियम आले, देशात अशा प्रकारचे पहिलेच. त्यांनी पाडणं अवघड केलं. सांभाळण्याचा खर्च कुणी करायचा हे त्यांत नाही.

फोर्ट बघायला लोक रविवारी सकाळी जातात. गाड्या नसतात, दर्शनी बाजू मोकळ्या दिसतात, फोटो चांगले येतात. पण हा भाग काय काम करतो ते कळायला जुलैमधला एखादा कामाचा दिवस घ्या, जोराची सर आल्यावर सीएसएमटीहून निघा आणि डी. एन. रोडने फाउंटनकडे छत्री न उघडता जायचा प्रयत्न करा. बराचसा रस्ता जमतो. भिजाल ते तीन ठिकाणी: जिथे गल्ली आडवी येते, जिथे कुणी कमानीत शटर लावून दुकान आत घेतलं आहे, आणि जिथे जुनी इमारत पाडून अट विसरलेली नवी बांधली आहे.